गाडी धुतली तरी बोनेट खरखर लागते? क्ले बार कोणता घ्यायचा अन् कसा फिरवायचा

पांढरी बोलेरो असो का डिझायर, शाम्पूने धुतली, पुसली, आता चकाचक झाली म्हणून बोनेटवर हात फिरवावा तर तळव्याला बारीक रवाळ असं काहीतरी लागतंच. डोळ्याला धड दिसत नाही, पाण्याने जात नाही, फडक्याने घासलं तरी जात नाही आणि जास्त जोर लावला तर वरून ओरखडे मात्र येतात. हे जे रंगाला धरून बसलेलं असतं त्याच्यासाठी क्ले बार असतो. आपल्याकडे याबाबतीत दोन टोकाचे लोक आहेत, एक ज्यांनी हे नावच ऐकलं नाही आणि दुसरे ज्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून मागवला आणि आता दर महिन्याला गाडीवर घासून रायले. यात दुसऱ्यांच्याच गाडीचं नुकसान जास्त होते, हे आधीच सांगून ठेवतो.

क्ले म्हणजे सिंथेटिक रेझिनचा मऊ गोळा, त्यात एकदम बारीक घासणारी पावडर मिसळलेली असते. जपानमध्ये तयार झालेली ही वस्तू १९९० च्या दशकात अमेरिकेत पोचली आणि मग सगळीकडे पसरली. काम एकच, रंगावर दुसऱ्याच कशाचा तरी रंग उडून बसला, लोखंडाचा कण रुतला, झाडाचा चीक वाळला, की गुळगुळीत ओल्या पृष्ठभागावरून क्ले सरकवायचा, वर आलेला कण त्यात अडकतो आणि उपटून निघतो. बस. ओरखडे यानं जात नाहीत. पांदण रस्त्यानं जाताना बाभळीच्या फांदीनं दारावर ओढलेली रेघ जात नाही, उन्हानं उडालेला रंग परत येत नाही, पाखराची विष्ठा आठ दिवस राहून रंगात खड्डा पडला असेल तर तोही भरत नाही. ती सगळी पॉलिशची कामं आहेत, काही तर पेंटरची. क्लेकडून त्यांची अपेक्षा ठेवली की माणूस घासत बसतो, आणि घासायला आहेच किती? कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला सगळ्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ.

आपल्या भागात गाडीला काय काय चिकटतं

व्हिडिओत पुण्या-मुंबईचे लोक ब्रेकची धूळ आणि धूर एवढंच सांगतात. आपल्या विदर्भातलं प्रकरण जरा वेगळं आहे, आणि कोणती घाण क्लेची आणि कोणती नाही हे समजलं की अर्धं काम तिथेच होते.

काळी माती क्लेचं काम नाही. ती वाळली की पापुद्रा धरते, चाकाच्या वरच्या कमानीत तर ढेकूळच जमते, पण भिजू दिली की निघते. तेच सोयाबीन मळणीच्या भुश्शाचं, थ्रेशरजवळ धुऱ्यावर गाडी उभी केली की काचेपासून डिक्कीपर्यंत थर बसतो पण तो नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. या मातीत मुरमाचे बारीक कण असतात आणि ती अंगावर असतानाच क्ले फिरवला तर तेच कण क्लेत अडकून रंगावर रेघा ओढतात. म्हणून धुणं नीट झालं नसेल तर क्ले डब्बीतच राहू द्या.

लोखंड हे खरं क्लेचं गिऱ्हाईक. पांढऱ्या गाडीवर, विशेष करून मागच्या दारावर आणि खालच्या भागात, नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात, मोहरीपेक्षाही बारीक. लोक म्हणतात गंज लागला, कंपनीनं पत्राच खराब दिला. बहुतेक वेळा पत्र्याला काही झालेलं नसतं. आपल्याच ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे गरम कण रंगावर बसतात आणि पहिल्या पावसात त्या कणांना गंज चढतो. बडनेरा, वर्धा, बल्लारशा अशा स्टेशनबाहेर गाडी दिवसदिवस उभी राहते तिच्यावर रेल्वेच्या चाकाची आणि ब्रेकची लोखंडी धूळ येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावातलं वेल्डिंगचं दुकान. ट्रॉलीचं काम करून घ्यायला गेलो, गाडी बाजूला लावली, इकडे ग्राइंडर चालू, त्याच्या ठिणग्या म्हणजे जळतं लोखंडच असते ते, रंगातच काय काचेतही रुतून बसते. त्यातलं वरवरचं निघते, खोल गेलेलं क्लेनं काय कशानंच नीट निघत नाही. दुकानदार सांगणार नाही, आपणच गाडी लांब लावायची.

चंद्रपूर, वणी, घुग्घुसकडे कोळशाची धूळ, आणि थर्मल वीज केंद्राच्या जवळपास म्हणजे चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, या पट्ट्यात राख. ही राख दिसायला पावडर पण कण कडक असतात, काचेसारखे. कोरड्या फडक्यानं रोज सकाळी गाडी पुसणारे तिकडे जास्त दिसतात आणि त्यांच्याच गाडीवर उन्हात बारीक ओरखड्यांचं जाळं दिसते. राख आधी फक्त पाण्यानं वाहवून काढायची, हात लावायचाच नाही. गडचांदूर, कोरपन्याकडे सिमेंटची धूळ, तिच्यावर दव पडलं की ती जागेवरच घट्ट होते. सिमेंटचा असा टणक थेंब क्लेनं काढायला जाऊ नका, तो निघण्याआधी क्लेत खडा होऊन फिरतो. त्यासाठी वेगळं रिमूव्हर येते, नाहीतर सरळ डिटेलिंगवाल्याकडे दाखवा.

झाडांचं म्हणाल तर सगळेच सावलीसाठी कडुलिंबाखाली गाडी लावतात आणि मग चिकट थेंबांनी काच आंधळी होते. ते बरंचसं गोड चिकट द्रव असते, कोमट पाणी आणि शाम्पूत भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की सुटते. मोहफुलाचंही तेच, मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली रात्रभर गाडी राहिली तर सकाळीच धुवा. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्याला नखानं खरवडू नका, ओला कपडा ठेवा. भिजवूनही जे उरलं ते क्लेला द्या.

डांबर वेगळं. रस्त्याचं काम चालू असलं की दाराच्या खालच्या पट्टीवर आणि चाकामागं काळे ठिपके. त्याला टार रिमूव्हर मिळते. घरी रॉकेल असेल तर कापसाच्या बोळ्यानं अर्धा मिनिट ठिपक्यावर धरा, डांबर ढिलं झालं की हलक्या हातानं पुसा आणि लगेच शाम्पूनं धुवा, रबराला लागू देऊ नका, बाजूला बिडी-काडी नको. थिनर मात्र बिलकुल नाही. ज्या गाडीचं गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे काम झालं आहे तिथला रंग थिनरनं फडक्यावरच येईन, मग बसा बोंबलत. क्लेनं डांबर निघते खरं, पण गोळा लगेच काळा होऊन फेकायच्या लायकीचा होतो.

आणि शेवटचं पाणी. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा ज्यांच्या नशिबी आहे त्यांना सांगायची गरज नाही, बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात तशीच वाळू दिली की पांढरे गोल डाग. नवीन डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि चांगलं पाणी निम्मं-निम्मं करून, गाडी थंड असताना, एखाद मिनिट लावून धुऊन टाकलं तर बरेच जातात. क्लेनं वरचा थर थोडा निघतो. रंगात उतरलेले डाग क्लेच्या हातचे नाहीत.

आधी पिशवी घालून पाहा

मेडिकलवाला देतो तसली पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या ओल्या बोनेटवर बोटांची टोकं हलकी फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं तिथं पिशवीतून एकेक कण लागतो. छत, बोनेट, डिक्की, मागचं दार, असं एकेक भाग पाहा आणि कुठं खरखर आहे ते लक्षात ठेवा. जिथं काही लागत नाही तिथं क्ले फिरवायचाच नाही. सगळ्या गाडीवर क्ले झालाच पाहिजे असा काही नियम नाही, दारांचा वरचा भाग कित्येकदा साफ असतो आणि छत-बोनेट-डिक्कीच तेवढी खराब असते.

काही गाड्यांना हात लावू नका. नुकतं पेंटिंग झालं असेल तर किमान महिनाभर थांबा, रंग आतून पक्का व्हायला वेळ लागतो. मॅट रंगाच्या गाडीला आणि मॅट रॅपला (वरून चिकटवलेल्या फिल्मला) क्ले नाही, तिथं चमकदार चट्टा पडला की तो परत मॅट होत नाही. सिरॅमिक कोटिंग केलं असेल तर क्लेनं त्याचाही थर घासला जातो, म्हणून ज्यानं कोटिंग केलं त्याला आधी विचारा. ट्रॅक्टरला करायचा का म्हणून विचारणारेही भेटतात. ट्रॅक्टरले कायले बाप्पा, त्याला पाण्याचं प्रेशर पुरते.

घ्यायचा कोणता

क्ले तीन प्रकारात येतो, फाइन, मीडियम आणि हेवी. कोणी सांगेल निळा म्हणजे हलका आणि लाल म्हणजे कडक, पण रंगाचा काही ठराविक कायदा नाही, एका कंपनीचा निळा आणि दुसऱ्या कंपनीचा निळा सारखा असेलच असं नाही. डब्यावर ग्रेड लिहिलेला असतो, तोच वाचायचा. ग्रेड लिहिलेलाच नसेल तर ती वस्तू स्वस्त असली तरी घेऊ नका.

घरच्या माणसानं घरच्या गाडीसाठी फाइन घ्यावा, यात मला काही शंका नाही. फाइननं वेळ थोडा जास्त लागतो पण रंगावर डाग पडायची भीती कमी. मीडियम त्याच्यासाठी ज्याची गाडी वर्षानुवर्षं कोळशाच्या पट्ट्यात किंवा रेल्वेजवळ उभी राहिली आणि ज्याची नंतर पॉलिश मारायची तयारी आहे. हेवीचं काम एकच, शेजाऱ्यानं लोखंडी गेटला स्प्रेनं रंग मारला आणि वारा तुमच्या गाडीकडे होता, तेव्हा. हेवी फिरवला की रंगावर धुरकट चट्टा येणार आणि तो मशीन पॉलिशनंच जाणार, हे धरून चालायचं. ते काम दुकानात द्या.

काळी गाडी असेल तर आणखी सांभाळून. पांढऱ्या, सिल्व्हर गाडीवर क्लेचे बारीक डाग कोणालाच दिसत नाहीत, काळ्या स्कॉर्पिओवर दुपारच्या उन्हात सगळ्या गावाला दिसतात. काळ्या गाडीच्या मालकानं क्लेसोबतच फिनिशिंग पॉलिशचा विचार करून ठेवावा, नाहीतर जिथं खरखर लागते तेवढ्याच जागी करावा.

आता बारऐवजी क्लेचे हातमोजे, टॉवेल आणि पॅडही मिळतात. मायक्रोफायबरवर रबरासारख्या पॉलिमरचा थर असतो. फायदा असा की काम झटपट होते, खाली पडलं तरी धुऊन परत वापरता येते (बार पडला की गेला), आणि एका मोज्यात बऱ्याच गाड्या होतात. तोटा हा की बोटाला खालचं काही समजत नाही, माणूस भराभर मोठ्ठे हात मारत सुटतो. नवा मोजा आधी काचेवर भरपूर ल्युब (क्ले सरकावा म्हणून मारायचं निसरडं पाणी) मारून थोडा वेळ फिरवून घ्यायचा, म्हणजे वरचा कडकपणा जातो. ज्याच्या घरी दोन-तीन गाड्या आहेत त्यानं मोजा घ्यावा. एकच गाडी असेल आणि पहिल्यांदाच करणार असाल तर १०० ग्रॅमचा फाइन बार बरा, कारण त्यात गाडीवर काय आहे ते हाताला समजते. तालुक्याच्या ठिकाणी ॲक्सेसरीच्या दुकानात बहुतेक वेळा मिळत नाही, नागपूर-अमरावतीला नाहीतर ऑनलाइन. उन्हाळ्यात मागवला आणि पार्सल दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीत तापलं तर गोळा प्लास्टिकला चिकटून येतो, थंड झाला की ठीक होतो, घाबरू नका.

सोबत आयर्न रिमूव्हर घेतलं तर क्लेचं काम निम्म्यावर येते. ते मारलं की लोखंडाच्या कणांवर जांभळा रंग फुटतो आणि पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ येतात, पाहायला मजा वाटते. वास मात्र सडक्या अंड्यासारखा, अंगणात करा आणि हातमोजे घाला. बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, अंगावर वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्यानं धुवायचं. क्लेनं कणाचं वरचं डोकं निघते, आत रुतलेला भाग हे केमिकल विरघळवते, म्हणून आधी हे आणि मग क्ले.

ल्युब अन् पाणी

क्लेमध्ये गाडी खराब होते ती बहुतेक ल्युबच्या कंजुसीनं. क्ले आणि रंगाच्या मध्ये कायम निसरडा थर पाहिजे. क्विक डिटेलर (धुतल्यावर चमक आणायला मारायचा तयार स्प्रे) किंवा क्लेचं स्वतःचं ल्युब असेल तर उत्तम. नसेल तर एक लिटर पाण्यात १०-१५ मिली चांगला कार शाम्पू टाकून स्प्रेच्या बाटलीत भरा, चालते. भांड्याचं लिक्विड नको, कपड्याचं तर नकोच, त्यानं आधीचं वॅक्स उडते आणि काही क्ले त्यात विरघळून चिकट लगदा होतात.

स्प्रेची बाटली नवी घ्या. घरात फवारणीचा छोटा पंप पडलेला असतो, तो धुऊन वापरायचा मोह होतो, पण त्यात औषधाचा अंश राहतोच आणि तो तुमच्या हातावर येणार. पन्नास-शंभर रुपयांसाठी तो खेळ नको.

पाणी खारं असेल तर ल्युबसाठी आणि शेवटच्या पुसण्यासाठी गावातल्या आरओ प्लांटवरून २० लिटरचा एक जार आणा. धुणं बोअरवर होऊ द्या, पण पाणी वाळायच्या आत पुढं चला. आणि आरओ मशीनमधून जे वाया पाणी निघते ते बादलीत साठवून गाडीला वापरणारे आहेत, त्या पाण्यात तर सगळा क्षार गोळा झालेला असतो, डाग पडणारच.

आता कामाला लागू

वेळ हिवाळ्याची. सोयाबीन निघालं, धूळ जरा बसली, नोव्हेंबर ते जानेवारीमधली एखादी सकाळ, गाडी छपरीत किंवा सावलीत आणि बोनेट हाताला थंड. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही, ल्युब मारल्या मारल्या वाळते आणि क्ले विरघळून रंगाला चिकटतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे पाच वाजता, आदल्या रात्रीपासून गाडी सावलीत असेल तर. पहिल्या वेळेस दोन-तीन तास हाताशी ठेवा, मध्येच कोणी तालुक्याला चला म्हणालं तर काम अर्धं सोडून उठू नका.

आधी नुसत्या पाण्यानं वरून खाली माती वाहवा. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं धुवायचं साधं पाणी. धुतल्यावर डांबर आणि लोखंड यांचं जे सांगितलं ते करून घ्या आणि परत एकदा धुवा. गाडी पुसायची गरज नाही, ओलीच असू द्या.

बारचे चार तुकडे करा. एकच हातात घ्या, बाकीचे डब्बीत, म्हणजे हातातला मातीत पडला तर तीन शिल्लक. थंडीत क्ले कडक असतो, कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवून मळा, पोळीच्या कणकेइतका मऊ झाला पाहिजे. मग तीन बोटांच्या रुंदीची चपटी वडी करा.

छतापासून सुरुवात. दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्या. ल्युब जागेवरही मारा आणि क्लेवरही. बोटं चपटी ठेवून सरळ रेषेत पुढं-मागं सरकवा, मग आडवं. गोल गोल फिरवायचं नाही, चुकून डाग पडला तर सरळ रेघ काढणं सोपं, गोल जाळं काढणं कठीण. जोर अजिबात नाही, बोटांचं वजन असते तेवढंच. सुरुवातीला क्ले अडखळल्यासारखा चालतो आणि कान दिला तर बारीक खर्र खर्र आवाज ऐकू येतो. आठ-दहा हातानंतर तो आवाज बंद होतो आणि वडी एकदम निसटून जायला लागते, ती जागा झाली. आवाज बंद झाल्यावरही घासत राहणं म्हणजे नुसता क्लिअर कोट घासणं. क्ले ओढल्यासारखा झाला, चिकटायला लागला, तर ल्युब कमी पडलं, थांबा आणि परत मारा.

दर जागेनंतर वडी उलटी करून पाहा. पांढऱ्या गाडीवरून काढली तर तिच्यावर तपकिरी रेघा आणि काळे ठिपके दिसतील, कोळशाच्या भागात तर पूर्ण करडी होते. घाण आत दुमडून, मळून स्वच्छ बाजू वर आणा. दुमडूनही स्वच्छ बाजू सापडत नसेल तर तुकडा बदला, दोन पैसे वाचवायला त्याच्यावर पूर्ण गाडी काढू नका. एका वॉशिंग सेंटरवर मी पाहिलं, एकच काळाकुट्ट गोळा सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर फिरून रायला होता आणि त्याचे वेगळे पैसे घेत होते. त्यापेक्षा न केलेलं बरं. बाहेर करून घेणार असाल तर गोळा आधी हातात मागून पाहा, लाजायचं काही कारण नाही.

जुन्या गाडीवर वडीवर गाडीचाच रंग आला तर दचकू नका, सिंगल स्टेज रंग असेल, म्हणजे वरून क्लिअर कोटच नाही. तिथं काम हळू करा आणि लवकर आटपा. क्ले रंगाला पुसट चिकटून राहिला तर नखानं काढू नका, भरपूर ल्युब मारून मायक्रोफायबरनं हलकं पुसा, तरी राहिला तर टार रिमूव्हरचा एक थेंब.

छत, बोनेट, डिक्की, मग दारांचा वरचा भाग, आणि दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, वेगळ्या तुकड्यानं. तिथं कितीही धुतलं तरी एखादा मुरमाचा कण असतोच. समोरच्या काचेवर जरूर करा. रात्रीच्या समृद्धीच्या प्रवासात किड्यांचा जो थर बसतो त्यातला धुऊनही उरलेला भाग मस्त निघतो, वायपरचा करकर आवाजही बऱ्याचदा जातो. काळ्या खडबडीत प्लास्टिकला आणि रबराला क्ले लावू नका, तिथं पांढरट चट्टे राहतात. एवढ्यात कोणीतरी येऊन विचारणारच, "काय भाऊ, गाडीले पुट्टी भरून रायला काय?" त्याला पिशवी घालून अर्धं बोनेट दाखवा, एक बाजू झालेली आणि एक राहिलेली.

प्रत्येक भाग झाला की मायक्रोफायबरनं पुसा. दुपट्टा नाही, जुनी बनियन नाही, त्यांच्या शिलाईनं आणि अडकलेल्या कणांनी आत्ताच साफ केलेल्या रंगावर रेघा येतात. पूर्ण झाल्यावर एकदा शाम्पूनं धुऊन जारच्या पाण्यानं खंगाळा आणि परत पिशवी घालून हात फिरवा.

झाल्यावर गाडी उघडीच सोडायची नाही. क्लेनं घाणीसोबत आधीचं वॅक्सही काढलेलं असते, रंगाला वरून काहीच आधार नाही. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (रंग सांभाळायला वरून लावायचा थर) लावा. आपल्या उन्हाळ्यात कार्नोबा म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या वॅक्सपेक्षा सिंथेटिक सीलंट जास्त टिकते, माझा कल तिकडेच. पातळ लावा, एकदम पातळ, जाड लावलं म्हणजे जास्त टिकते असं नाही, पुसतानाच जीव जातो. डब्यावरच्या वेळेप्रमाणे वाळू द्या, मऊ मायक्रोफायबरनं काढा. त्या रात्री कडुलिंबाखाली लावू नका.

परत कधी करायचं ते कॅलेंडर पाहून ठरवू नका, पिशवी पाहून ठरवा. साध्या गावात, शेतात-बाजारात फिरणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा पुष्कळ झालं. खाणी आणि थर्मलच्या पट्ट्यात दोनदा लागू शकते. वरून सीलंट असेल तर घाण रंगाला तेवढी धरत नाही आणि पुढच्या वेळेस अर्धा बारही लागत नाही.

उरलेला स्वच्छ क्ले थोडं ल्युब मारून हवाबंद डब्बीत, उन्हापासून लांब ठेवा, घरात, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नाही. करडे झालेले तुकडे रंगावर परत न्यायचे नाहीत, पण अलॉय व्हीलवर आणि काचेवर चालतात. त्यांची डब्बी वेगळी करा आणि झाकणावर मार्करनं "चाक" लिहून ठेवा, कारण घरातला दुसरा कोणी गाडी चमकवायला बसला की त्याला दोन्ही डब्ब्यांतले गोळे सारखेच दिसतात.